बोलता आलं पाहिजे

हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेले भालचंद्रराव छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. टॅबवर हॉस्पिटलची फिजिओथेरपिस्ट त्यांचे ठोके बघत होती. “कालची पोर मला चालायला शिकवणार!” असं ते रोज तिच्या तोंडावर म्हणत.

तिचा नियम एकच. चालताना बोलत राहायचं. बोलणं तुटलं की वेग कमी करायचा. भालचंद्ररावांना विषयाची काय ददात? घरात बायको होती. कुमुदताईंचा चहा म्हणजे फुळकवणी, माहेर म्हणजे भिकारडं, आणि अक्कल... पहिल्या आठवड्यात अकलेपर्यंत पोचायच्या आतच त्यांना धाप लागायची.

बाराव्या आठवड्यात टॅबवरच शेवटची तपासणी झाली.

“काकू, चालताना काकांचं बोलणं तुटतं का हो?”

“आधी तुटायचं. आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार एका दमात करतात.”

“मग काका ठणठणीत झाले म्हणायचे!”

“म्हणजे एकटं सोडलं तरी चालेल?”

“अगदी निर्धास्त.”

कुमुदताईंनी पदराला हात पुसले. नवऱ्याला झटका आला त्या दिवशी सकाळीच भरून ठेवलेली बॅग त्यांनी पलंगाखालून ओढली आणि चपला पायात सरकवल्या.

“भिकारड्या माहेरी निघालेय. चहा आता हवा तेवढा घट्ट करून घ्या.”

“अगं ए, तुझी लायकी...”

भालचंद्रराव जागचे हललेही नव्हते, तरी वाक्य अर्ध्यातच तुटलं.

“काका,” टॅबवरची पोर म्हणाली, “वेग कमी करा.”