एकेकानंच

“बाबा, मी पलीकडे पोचेपर्यंत तिथंच थांबा!” उतार ओलांडताना यामिनी वैतागून ओरडली. हिमाचलातला मोसमाचा पहिलाच बर्फ होता. खालच्या निसरड्या गवतावर तो अजून धरला नव्हता. म्हणून एका वेळी एकानंच जायचं, हे तिनं सकाळपासून बजावलं होतं.

“गुडघाभर तर बर्फ आहे! तुला एकटीला कसं सोडू?” म्हणत त्र्यंबकराव निघालेच.

धप्प आवाज झाला आणि उतारावरचा बर्फ तुटला. यामिनी काठावरच्या खडकाला बिलगली. बाबा बर्फाबरोबर खाली घसरत गेले.

ती धावत पोचली, तेव्हा त्यांचा फक्त हातमोजा वर दिसत होता. ती पाठपिशवीतल्या फावड्यानं बर्फ उपसत राहिली आणि त्यांना नाही नाही ते बोलत राहिली. अखेर चेहरा मोकळा झाला. ते खोकले.

“तू गाडली गेली असतीस तर?” ते पुटपुटले. “म्हणून आलो.”

“अहो, दोघंही गाडले गेलो असतो तर उपसायला कोण होतं?”

त्यांनी निर्मनुष्य दरीवर नजर फिरवली. “कुणीच नाही गं.”

“आता बोलू नका,” ती खेकसली आणि आपलं जाकीट काढून तिनं त्यांना घट्ट गुंडाळलं.