इंजिन तेवढं दणकट हवं

"बाकी काही बघायचं नाही, इंजिन तेवढं दणकट हवं," असं म्हणत नवरा-बायको आत आले आणि जुन्या गाड्या विकणारे शेठ खूश झाले. जाणकार गिऱ्हाईक दिसतंय! सोबत नवऱ्याचे वडील होते, डोळे तांबारलेले. प्रत्येक गाडीत बाबांना स्टिअरिंगवर बसवायचं, इंजिन सुरू करायचं आणि दोघांनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं, अशी यांची तपासणी.

शेठनी आधी लोण्यासारखी चालणारी गाडी काढली. बाबांच्या कपाळावर आठ्या. "हिचा आवाजच येत नाही हो," सून म्हणाली. "दुसरी दाखवा."

असं करत सगळ्या गाड्या झाल्या, तेव्हा वैतागून शेठनी कोपऱ्यातली म्हातारी डिझेल सुरू केली. दारं थडथडली, आरसा निखळून लोंबायला लागला, ऑफिसातल्या कपबशा नाचल्या. बाबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि त्यांचा चेहरा सैलावला.

"हीच!" दोघं एकदम म्हणाले.

"अहो, एक चक्कर तरी मारून बघा!"

"शूऽऽ!" सुनेनं तोंडावर बोट ठेवलं. "चालवायचीय कुणाला? जेवणं झाली की अंगणात नुसती सुरू ठेवायची. रिटायर झाल्यापासून बाबांना झोप नाही, आणि ते आम्हाला झोपू देत नाहीत."

शेठनी काचेतून डोकावून पाहिलं. स्टिअरिंग घट्ट धरून बाबा चक्क घोरत होते.

"नोकरी काय करायचे हे?"

"जन्मभर ट्रक चालवलाय बाबांनी," सून अभिमानानं म्हणाली, "तोही रात्रीचा!"