खूण काढली तर

"सॉफ्टवेअर एक नंबर आहे रे ओमकार, पण तू लबाड निघालास."

फोनवर वैशाखऱ्याचा हितेश होता. मुरबाडकडचे टेनिस क्रिकेटचे सामने तोच भरवतो. त्या सामन्यांसाठीच ओमकारने पावसाळाभर खपून धावफलकाचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. बॉल विहिरीत गेला तर आउट, पेंढ्यात अडकला तर दोनच रन, असले गावोगावचे नियम त्याने चक्क त्यात बसवले होते! हितेशने घेतलं असतं तर अख्ख्या मुरबाडने घेतलं असतं.

"मी काय लबाडी केली, दादा?"

"दोनशे बोललास. पैसे भरायला गेलो तर वर आणखी पन्नास. कसलं तरी डाउनलोड संरक्षण. खूण आधीच करून ठेवलेली!"

"ते मी नाय लावलं. विकणाऱ्या वेबसाइटचं आहे. ऐच्छिक आहे. खूण काढायची, की गेले पन्नास."

"काढली ना! काढल्यावर जे लिहून आलं, ते वाचून आमच्या मंडळाचा कोंडूकाका बोलला, हा पोरगा आपल्याला मरणाची धमकी देतोय. सगळ्या मंडळांच्या ग्रुपवर टाकलंय त्याने. तूच बघ जाऊन. आता नको रे बाबा."

फोन कट झाला.

ओमकार ओटीवर बसून राहिला. वेबसाइटला त्याने कितीदा तरी कळवलं होतं. उत्तर ठरलेलं: शुल्क ऐच्छिक आहे, ग्राहकांची तक्रार नाही. तक्रार कशी असणार? लोक शेवटच्या पानापर्यंत यायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. शिव्या मात्र ओमकारच्या नावाने.

आई तांदूळ पाखडत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सोमवारी गोडावनात कामाला जायाचा. हितेशने नाय घेतला तर जायाचा, अशी बोली झालीय आपली," ती म्हणाली. "उद्या काय झाला तर कोनाच्या दारात जाशील, देवाच्या का तलाठ्याच्या?"

हे आईचं खास वाक्य. सापगावात दुसरं कोणीच असं बोलत नाही. दप्तर फाटलं, ताप आला, छत्री विसरली, की दोन्ही भावंडांच्या डोक्यावर हेच आदळायचं. एरवी ओमकार हसायचा. आज त्याने नुसती मान हलवली.

"जातो," तो म्हणाला.

तेवढ्यात ताई शहापूरहून पेढे घेऊन आली. ताई म्हणजे प्रियांका. कुठल्याशा कंपनीला घरबसल्या मराठी वाक्यं लिहून द्यायची. ती कुठे वापरतात ते कंपनी सांगत नसे, आणि ताईही विचारत नसे.

"ओम्या, तोंड उघड! कायम केलं मला. एका वाक्यावर! साहेब बोलले, असं वाक्य आजपर्यंत कोणी दिलं नव्हतं." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काय रे? घेतलं नाय हितेशने?"

ओमकारने सांगितलं. ताईचा पेढा हातातच राहिला.

"कोण मेला असली धमकी लिहितो? बोटं झडली पाहिजेत त्याची! माझ्या भावाचं वाटोळं केलं." तिने आपला फोन पुढे केला. "घे, गिऱ्हाईक होऊन बघ. फोटो काढ, आपण तक्रार करू. मी लिहिते झणझणीत."

विकणाऱ्याच्या खात्यातून गिऱ्हाइकाचं पैसे भरायचं पान दिसत नाही. ओमकार ते पहिल्यांदाच उघडत होता. धावफलक, दोनशे. खाली पन्नास, आणि खूण केलेला छोटा चौकोन.

ताई खांद्यावरून वाकून बघत होती. ओमकारने खूण काढली.

लाल अक्षरं उमटली.

"उद्या काही झालं तर कोणाच्या दारात जाल, देवाच्या की तलाठ्याच्या?"