दोन पाठांमधलं अंतर

चंद्रावरच्या वसाहतीतल्या शाळेचा नववीचा विज्ञानाचा अभ्यासक्रम ठरवायला हेमांगी टिळेकर आणि लोणकर सर बसले होते. रसायनशास्त्र झालं, पर्यावरण झालं. मग हेमांगीने ‘गुरुत्वाकर्षण’ आणि ‘हाडे व स्नायू’ हे पाठ लागोपाठ लावले.

“असं नको,” सर म्हणाले. “हाडं आठवीत आणि गुरुत्वाकर्षण दहावीत, हे आपण मुद्दाम लांब ठेवलंय. ही मुलं इथेच जन्मली. दोन्ही एकत्र शिकली की त्यांच्या लगेच लक्षात येईल, आपली हाडं पृथ्वीवर आपलंच वजन पेलणार नाहीत.”

“येऊ दे लक्षात. माझी चार्वी अजून पृथ्वीवर आजीकडे जायच्या गोष्टी करते, सर. मला ऐकवत नाही.”

सरांनी ते दोन पाठ यादीत पुन्हा एकदा वाचले आणि मान डोलावली.

पण पुस्तकातून कळण्याआधी लेकीला आपणच सांगायचं, असं हेमांगीने ठरवलं. जेवणं आटोपल्यावर तिने चार्वीला जवळ बसवून सगळं समजावलं. एरवी वर्गात कधी न अडखळणारी हेमांगी आज वाक्यावाक्याला थांबत होती.

चार्वी रडली नाही. स्वतःचं बारीक मनगट दुसऱ्या हाताने धरून बसली.

“म्हणजे कधीच नाही?”

“नाही गं, बाळा.”

“मग आजीला एवढ्यात सांगू नकोस,” ती हळूच म्हणाली. “तिने माझ्यासाठी अंगणात झोपाळा बांधून घेतलाय.”