अर्धी छाटणी

गिऱ्हाइकाच्या डोक्याची डावी बाजू कापून झाली होती. नाना उजवीकडे कंगवा घालणार, तेवढ्यात तो आरशात बघत म्हणाला, "ती मागची वेल कोणी छाटली हो?"

सलूनचं मागचं दार उघडं होतं, त्यामुळे आरशात परसाची भिंत दिसत होती. भिंतीवर तारा ठोकलेल्या आणि तारांवर क्लेमॅटिसची वेल. अर्धी वेल साफ, कानामागून मशीन फिरवल्यासारखी. उरलेली अर्धी अजून विस्कटलेली, कारण हे गिऱ्हाईक आलं म्हणून नानांना काम तसंच टाकून आत यावं लागलं होतं.

"मीच," नाना म्हणाले. आवाजात जराशी ऐट होती. "दर हिवाळ्यात छाटतो. आपल्याला वाढलेलं बघवत नाही. मग ते डोकं असो नाहीतर वेल."

"आणि फुलते?"

नानांची कात्री हवेतच दोनदा चालली. "तिथंच तर घोडं अडलंय. पाचवं वर्ष चाललंय, एक फूल नाही. बायकोनं हौसेनं लावली. मुळाशी गारवा राहावा म्हणून दगड रचले, खत घातलं, उन्हाळ्यात ओली पोती टाकली. पानं भरघोस, फुलाचं नाव नाही. आज सकाळी म्हणाली, आता बास, उपटून टाकते. कपडे वाळत घालायला तरी जागा होईल. मी म्हटलं, थांब, एकदा नीट कापून देतो, जोर धरेल."

"फूल कसलं येईल म्हणाले होते?"

"गुलाबी. चार पाकळ्यांचं. थंडी सरली की फुलांनी भिंत दिसणार नाही, म्हणाला होता विकणारा."

गिऱ्हाइकानं खुर्चीतच अंग वळवलं. गळ्याभोवतीची चादरही त्याच्याबरोबर वळली. "नाना, माझी नर्सरी आहे, म्हणून सांगतो. काही क्लेमॅटिस नव्या फांदीवर फुलतात. त्या कापाव्याच लागतात. ही त्यातली नाही. हिची फुलं येतात गेल्या वर्षीच्या फांदीवर. हिवाळ्यात ती फांदी वाळल्यासारखी दिसते, पण कळ्या आत तयार होऊन बसलेल्या असतात. आणि तुम्ही नेमकं हिवाळ्यात..." पुढचं त्यानं दोन बोटांची कात्री करून दाखवलं.

फरशीवर कापलेले केस पडले होते. त्यांच्याकडे बघता बघता नानांना दर वर्षी परसात साठणारा काड्यांचा ढीग दिसू लागला. चार हिवाळ्यांचे चार ढीग.

बाहेर खण्‌ असा आवाज झाला. बायकोनं मुळाजवळचे दगड उचलायला सुरुवात केली होती.

"पळा," नर्सरीवाला कुजबुजला. "स्वतःचं नाव घेऊ नका. जाणकार माणूस म्हणतो, यंदा थंडी चांगली पडलीय, एवढं वर्ष वाट बघा, असं सांगा. वेलही वाचेल आणि तुम्हीही."

नानांना हे एकदम पटलं. ते कात्रीसकट परसात गेले.

"अगं, थांब जरा. आत एक जाणकार बसलेत. ते म्हणतात, यंदा थंडी..."

"थंडीचं काय घेऊन बसलात?" तिनं मान वर केली नाही. "थंडी सगळ्यांकडे पडते. माझ्याच हाताला गुण नाही. ते कळलं, म्हणून तर दुसरं काही लावलं नाही मी."

दूध संपलंय असं सांगावं, इतक्या साधेपणानं ती हे बोलली. भिंतीशी रिकाम्या कुंड्या पालथ्या घातलेल्या होत्या. तिची हौस फिटली असेल, असं नाना इतके दिवस समजत होते.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," नाना म्हणाले. "चूक माझ्या हाताची आहे. हिला गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलं येतात. दर हिवाळ्यात कळ्यांच्या फांद्या मीच कापत आलो. चारही वर्षं."

ती उठून उभी राहिली. हातात कुदळ तशीच. तिनं आधी कात्रीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"चार वर्षं! आणि मी वेडी रोज तिची समजूत काढतेय!"

"हो."

"आज सकाळी पुन्हा कापायला घेतलीत?"

"अर्धीच झाली," नाना हळूच म्हणाले.

तिनं कुदळ खाली टाकली. न कापलेल्या बाजूला जाऊन एक फांदी वाकवून डोळ्यांजवळ आणली. काडी तपकिरी, मेल्यासारखी. पण प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन फुगीर डोळे होते, गव्हाच्या दाण्याएवढे, वर बारीक लव. तिनं बोटाच्या टोकानं एकाला हात लावला. मग पुढच्या पेराला. मग त्याच्या पुढच्या.

मग मागे न बघताच तिनं हात पुढे केला. नानांनी मुकाट्यानं कात्री त्या हातात ठेवली.

"काकू," दारातून आवाज आला. नर्सरीवाला चादर गुंडाळून उभा होता. डोकं एका बाजूनं चकाचक, दुसऱ्या बाजूनं जंगल. "ती कात्री अजून मला लागणार आहे."

त्याचा अवतार बघून तिला हसू आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "देते हो. आधी मला सांगा, यातली पांढऱ्या फुलांची मिळेल का तुमच्याकडे?"