विहिरीची फाईल

त्या शनिवारीही पुण्यात प्रांजलीच्या फोनवर नेहमीचा संदेश आला: 'फाईल बदलली. सतरा फूट.' म्हणजे गावी, मंठ्याला, तिच्या वडिलांनी, आबांनी, विहिरीत दोर सोडून पाणी मोजलं आणि आकडा संगणकात लिहिला.

तिनं संदेश पाठवणारा हा प्रोग्राम बसवला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "हे घडोघडी माझ्या फाईलीत डोकावून राह्यलं का?"

"नाही आबा, गप्प बसून असतो. तुम्ही लिहिलं की संगणकच त्याला उठवतो. फाईल जपायला आहे."

जपायला, हे अर्धंच खरं होतं.

रविवारी संदेश आला नाही. आबा झोपेतच गेले होते.

तेराव्यानंतरच्या दुपारी ती मंठ्याच्या घरी त्यांच्या संगणकासमोर बसली होती. भावानं, सुग्रीवनं, त्याची वायर काढून गुंडाळून ठेवली होती. स्क्रीन काळी होती.

तिच्या फोनवर उमटलं: 'फाईल बदलली. चौदा फूट.'

तिनं शेतात गेलेल्या सुग्रीवला फोन लावला. "विहिरीत पाणी किती आहे रे?"

"तू बी आबांवरच गेलीस, ताई! थांब." पाण्यावर वजन आपटल्याचा आवाज आला. "बराबर चौदा फूट. का गं?"

तिनं फोन कट केला. तो लगेच हातातच थरथरला.

'फाईल बदलली. आजबी प्रांजलीचा फोन न्हाई.'

काळ्या स्क्रीनकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली, "आबा, तुम्हाला रोज फोन करावा लागू नये, म्हणूनच मी तो प्रोग्राम बसवला होता."