बिनतारांची गिटार

नवऱ्याने परदेशातून जुनी गिटार आणली. विमानात तिच्या मानेवर ताण नको म्हणून त्याने तारा काढून टाकल्या होत्या. नव्या लावायला सवड मिळेना, म्हणून गिटार पेटीतच पडून होती.

ती आल्यापासून आमची पाच महिन्यांची छकुली रडेनाशी झाली. पेटीकडे बघून एकटीच हसायची.

"बापावर गेलीय. जळू नकोस," तो म्हणाला.

मीही हसले. किती दिवसांनी घर शांत होतं.

आज दुपारी तिची नखं कापायला बसले. डाव्या हाताच्या चार बोटांची टोकं कडक लागली. घाबरून त्याला हाक मारली.

त्याने तिची बोटं आपल्या बोटांशी लावून पाहिली.

"तारा दाबून दाबून असे घट्टे पडायला मला दोन वर्षं लागली गं."